खेळ चालविणारा

विदर्भाच्या वाटेवर एक रथ भरधाव चालला होता. आंत अयोध्येचा राजा ऋतुपर्ण बसला होता. घोडे हांकणारा कुरूप बाहुक हा वस्तुतः निषधाचा राजा नल होता; पण ही गोष्ट ऋतुपर्णास ठाऊक नव्हती. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे कुंडिनपुराकडे निघाले होते. वाटेंत एक बेहड्याचें झाड लागलें. त्याचीं पानें किती व फळें किती, हें ऋतुपर्णानें रथांतूनच सांगून टाकलें. नलाचा विश्वास बसेना. घाई असतांहि त्यानें रथ थांबविला, खालीं उतरून मोजणी केली, आणि आंकडा बरोबर जुळला. त्या विद्येचें नांव अक्षहृदय. ऋतुपर्णानें ती नलास दिली; नलानें मोबदल्यांत अश्वहृदय देऊं केलें; आणि महाभारत सांगतें कीं, त्याच वेळीं नलाच्या देहांत दडलेला कलि बाहेर पडून त्या बेहड्यांत शिरला.

कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील, वर्धा नदीच्या कांठचें कौंडिण्यपूर, अशी परंपरा आहे. बेहड्याचीं झाडें मेळघाटांत आजहि आहेत. ऋग्वेदांतील जुगाऱ्याच्या सूक्तांत ज्या फांशांचें वर्णन येतें, तीं याच झाडाचीं फळें होत. बृहदश्व ऋषि ही कथा सांगतो ती युधिष्ठिरास, म्हणजे फांशांपायीं राज्य घालवून वनांत बसलेल्या दुसऱ्या एका राजास. आणि कथा संपल्यावर युधिष्ठिरहि अक्षहृदय शिकून घेतो. परंतु या दोन्ही द्यूतांत एक माणूस कोठेंच दिसत नाहीं. नलासमोर पुष्कर आहे, युधिष्ठिरासमोर शकुनि आहे, पाहणारे पुष्कळ आहेत. पण स्वतः कोणत्याहि पक्षाचा नसून डाव सर्वांसाठीं चालविणारा, असा तिसरा कोणी तेथें नाहीं. कौरवसभेंत वडीलधाऱ्यांची वाण नव्हती. डाव थांबविण्याचें काम मात्र कोणीं अंगावर घेतलें नाहीं.

आजचा विषय तो तिसरा माणूस हा आहे.

गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरलेला एक खेळ आहे. इंग्रजी नांवानें त्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मराठींत सोंगांचा खेळ म्हटलें तरी चालेल. टेबलाभोंवतीं किंवा सतरंजीवर चार-पांच गडी बसतात. प्रत्येकानें एक सोंग घेतलेलें असतें : कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी भुरटा चोर. उठून नाचावयाचें नाहीं, रंग फांसावयाचा नाहीं. सारें बोलण्यांतून व्हावयाचें. एक जण मात्र सोंग घेत नाहीं, किंवा खरें म्हणजे उरलेलीं सारीं सोंगें तोच घेतो. वाडा कसा आहे, दार कोणीं उघडलें, पहारेकरी काय बोलला, हें तो सांगतो आणि विचारतो, "आतां तुम्ही काय करतां ?" उत्तर येईल त्याप्रमाणें कथा पुढें सरकते. यश येईल कीं नाहीं याचा भरंवसा नसेल तेथें फांसा टाकतात. यांत कोणी जिंकत नाहीं व कोणी हरत नाहीं. सोंगाचें पुढें काय झालें एवढेंच उरतें. खेळ चालविणाऱ्या या गृहस्थास किंवा बाईस गेममास्टर म्हणतात.

हें काम प्रथमच करावयास बसणाऱ्याची भीति बहुधा दोन प्रकारची असते. एक, नियमांचें जाडजूड पुस्तक पाठ नाहीं. दुसरी, खेळगडी योजलेल्या वाटेनें गेलेच नाहींत तर काय करावें ? ही भीति नवी नाहीं. तिला दोनशें वर्षें होऊन गेलीं आहेत, आणि तिच्या इतिहासाची एक आडवाट वऱ्हाडांतून जाते.

१८०३ च्या नोव्हेंबरची २९ तारीख. अकोला जिल्ह्यांतील अडगांवच्या मैदानांत नागपूरकर भोंसल्यांचें सैन्य दुसऱ्या रघूजींचे बंधु व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखालीं उभें होतें. शिंद्यांचे घोडेस्वार बाजूस होते. समोरून आर्थर वेलस्ली येत होता. दोन महिन्यांपूर्वीं, २३ सप्टेंबरला, असईची लढाई त्यानें जिंकली होती. दिवस कलला होता. सिरसोली गांव ओलांडून त्याच्या फौजेचें टोंक बाहेर पडतें तोंच भोंसल्यांच्या तोफा सुरू झाल्या, आणि असईस खंबीर राहिलेल्या शिपायांच्या पलटणी येथें फुटून मागें पळाल्या. असईपेक्षां येथील मारा कांहीं अधिक नव्हता. वेलस्ली जवळच होता म्हणून त्यानें त्यांस गांवाआड सांवरून पुन्हां रांगेंत आणलें. तो जवळ नसता तर दिवस हातचा गेला असता, अशा आशयाचें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे. पुढें त्यानें लढाई मारली, आणि पाठलाग चांदण्यांत चालला.

त्यानंतर पंधरवड्याच्या आंत गाविलगडाची पाळी आली. कर्नल स्टीव्हन्सननें जड तोफा मेळघाटच्या डोंगरांतून वाट फोडीत गडाच्या उत्तर बाजूस नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटांस पडलेल्या खिंडारांतून इंग्रजी सैन्य आंत घुसलें. पण आंतला तट शाबूत होता. तो तोफांनीं पडला नाहीं. कॅप्टन कँबेलच्या हाताखालील एक तुकडी मधली घळ ओलांडून शिड्यांनीं तट चढून गेली आणि तिनें आंतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग पडला. दोन दिवसांनीं देवगांवचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोंसल्यांच्या हातून गेला, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगांवीं शिंद्यांनींहि तह केला.

अडगांवीं पलटणी पळतील हें कोणत्या कोष्टकांत लिहिलें होतें ? गाविलगडाच्या किल्लेदारास त्या शिड्या दिसत होत्या काय ? बुद्धिबळाच्या पटावर प्यादें घाबरत नाहीं, आणि दोन्ही राजांना सारा पट दिसत असतो. खऱ्या लढाईंत यांतलें कांहींच खरें नसतें. ही उणीव भरून काढणारा खेळ ज्यानें उचलून धरला, त्याची वेलस्लीशीं चांगली ओळख होती, हा इतिहासांतील एक मौजेचा योग आहे.

१८ जून १८१५ रोजीं वॉटर्लूच्या रणांगणावर वेलस्ली, म्हणजे तेव्हांचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच्या गोटांत प्रशियाच्या सैन्याशीं संपर्क राखण्यासाठीं एक प्रशियन अधिकारी नेमलेला होता. त्याचें नांव म्यूफ्लिंग. पुढें तो प्रशियाच्या सेनामंडलाचा प्रमुख झाला. १८२४ सालीं फॉन राइसविट्स नांवाच्या एका तरुण तोफखान्याच्या लेफ्टनंटनें त्याच्यापुढें आपला 'क्रीगस्पील', म्हणजे युद्धाचा खेळ, मांडून दाखविला. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. त्यांनीं १८१२ सालीं राजासाठीं एक मोठें टेबल करून दिलें होतें. मुलानें टेबल सोडून खरे नकाशे घेतले. म्यूफ्लिंग आरंभीं थंडपणें पाहत होता. डाव रंगला तसा तोहि रंगला, आणि हा खेळ नव्हे, ही तर युद्धाची शाळा आहे, असे उद्गार त्यानें काढल्याचें सांगतात.

त्या खेळांत दोन पक्ष असत, एकेक डाव दोन मिनिटांचा समजत, आणि मध्यें तिसरा माणूस बसे. पक्षांचे सेनापति आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातीं देत. शत्रूस न दिसणारी तुकडी तो नकाशावर मांडीतच नसे. गोळीबारांत किती पडले हें फांसा व कोष्टक पाहून तो ठरवी. राइसविट्सनें त्यास 'विश्वासू' अशा अर्थाचें नांव दिलें होतें, आणि तें पंच या शब्दापेक्षां अधिक नेमकें आहे. दोन्ही बाजूंचीं गुपितें ज्याच्यापाशीं असतात त्यास निवाडा देणें हें दुय्यम काम. विश्वास सांभाळणें हें पहिलें. खुद्द राइसविट्सच्या वांट्यास मात्र सुख आलें नाहीं. त्याची बर्लिनहून टोर्गाऊस बदली झाली, आणि १८२७ सालीं त्यानें स्वतःस गोळी घालून घेतली.

खेळ राहिला आणि नियम वाढत गेले. इतके, कीं १८७३ सालीं मेकेल नांवाच्या अधिकाऱ्यानें उघड तक्रार केली : एवढे नियम सांभाळूं शकणारे पंच मिळत नाहींत, म्हणून खेळच बसत चालला आहे. १८७६ सालीं जनरल व्हर्डी द्यु व्हर्नुआ यानें फांसे व कोष्टकें बाजूस सारलीं आणि अनुभवी पंचानें आपल्या अक्कलेनें निर्णय द्यावा असा पक्ष मांडला. हें ऐकावयास सोपें वाटतें. व्हर्डीचा पंच लढाया पाहिलेला होता. ज्यानें कांहींच पाहिलेलें नाहीं त्यानें अक्कल कोठून आणावी? म्हणून कोष्टकें पुरतीं मेलीं नाहींत, आणि नवशिक्याच्या दृष्टीनें तें बरेंच झालें. कोष्टक चुकलें तर राग कोष्टकावर निघतो.

१८८० सालीं टॉटन नांवाच्या अमेरिकन अधिकाऱ्यानें 'स्ट्रॅटेगॉस' हें पुस्तक काढलें. खेळगड्यानें मनांत येईल तें करूं म्हणावें आणि पंचानें त्याचा निकाल लावावा, ही मुभा त्यांत होती. सुमारें ऐंशीं वर्षांनीं मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत तें पुस्तक डेव्हिड वेस्ली नांवाच्या तरुणाच्या हातीं पडलें. (वेलस्लीशीं या नांवाचा संबंध नाहीं, कानाला मात्र तसा भास होतो.) वेस्ली व त्याचे मित्र शिशाचे सैनिक मांडून नेपोलियनच्या लढाया खेळत असत, आणि कोणतें दल केव्हां दिसलें यावर भांडत असत. वेस्ली पंच झाला, भांडणें कमी झालीं.

मग १९६९ च्या सुमारास त्याला एक कल्पना सुचली. ब्राउनस्टाइन नांवाचें एक काल्पनिक जर्मन शहर. दोन्ही बाजूंनीं सैन्यें येऊन ठेपलेलीं. सैन्यें दोनच, पण खेळावयास माणसें जास्त. उरलेल्यांना वेस्लीनें शहरांतील असामी करून टाकलें : एक नगराध्यक्ष, एक सावकार, एक विद्यापीठाचा कुलगुरु. प्रत्येकास स्वतःचें कांहीं ईप्सित दिलें. योजना अशी होती कीं, एकेकास बाजूच्या खोलींत बोलावून तो काय करतो तें विचारावें, आणि मग सैन्यें टेबलावर आणून नेहमींची लढाई लावावी. पण तो एकाशीं बोलत असतां बाहेरचे थांबले नाहींत. ते आपसांतच बोलूं लागले; कट झाले, फितुरी झाली. वेस्लीला ठाऊक नसलेल्या गोष्टी त्याच्या शहरांत घडूं लागल्या. दोन गडी त्याच्याकडे येऊन म्हणाले, आमचें द्वंद्वयुद्ध ठरलें आहे. द्वंद्वयुद्धाचा नियमच नव्हता. त्यानें तेथल्या तेथें फांसे टाकून निकाल लावला. रात्र संपली तरी सैन्यें टेबलावर आलीं नाहींत. वेस्ली खिन्न होऊन घरीं गेला. त्याच्या मतें खेळ साफ फसला होता.

मित्र मात्र पुन्हां केव्हां खेळावयाचें म्हणून मागें लागले.

यापुढचा भाग प्रत्येक नवशिक्यानें ध्यानांत घ्यावा असा आहे. वेस्लीनें पुढल्या खेपेस शिस्त आणली. कोणीं केव्हां बोलावें, काय करावें, यांवर बंधनें घातलीं. तो खेळ व्यवस्थित झाला आणि कोणास आवडला नाहीं. तेव्हां कोठें त्याच्या लक्षांत आलें कीं, आपण ज्यास बिघाड समजलों तोच खेळ होता. चौथ्या वेळीं त्यानें लॅटिन अमेरिकेंतील एका काल्पनिक डळमळत्या राज्याची मांडणी केली आणि लगाम सैल सोडला. डेव्ह आर्नेसन नांवाच्या गड्यास क्रांतिकारक विद्यार्थ्याची भूमिका होती. तो घरूनच हेरखात्याचें बनावट ओळखपत्र करून आला, आणि बोलण्याच्या जोरावर त्यानें सारा डाव आपल्याकडे वळविला. कोणत्याहि नियमांत हें ओळखपत्र नव्हतें. वेस्लीनें तें चालूं दिलें.

पुढची हकीकत थोडक्यांत अशी. वेस्ली लष्करी नोकरीवर गेला. १९७१ सालीं आर्नेसननें तीच रीत घेऊन 'ब्लॅकमूर' नांवाचें अद्भुत राज्य रचलें. किल्ल्याखालचीं तळघरें, तेथील राक्षस, आणि आठवड्यामागून आठवडे तींच सोंगें. १९७२ च्या अखेरीस त्यानें लेक जिनीव्हा या गांवीं गॅरी गायगॅक्स यास तो खेळ दाखविला. गायगॅक्सनें तो लिहून काढला, आणि १९७४ च्या जानेवारींत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवाच्या तीन पातळ पुस्तिकांची पेटी विक्रीस आली. पहिली छपाई १,००० प्रतींची होती. त्यांत खेळ चालविणाऱ्यास साधें 'रेफरी' म्हटलें आहे. 'डंजन मास्टर' ही भारदस्त पदवी त्यास नंतर मिळाली. गायगॅक्स २००८ मध्यें व आर्नेसन २००९ मध्यें वारला.

आतां अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या घरीं, रविवारीं दुपारीं, कोणी हें काम प्रथमच करणार असेल तर त्यास पाश्चात्य राक्षसांची गरज नाहीं. १४ डिसेंबर १८०३ ची रात्र आणि गाविलगड पुरेसे आहेत. बाहेरच्या तटास खिंडारें पडलीं आहेत; सकाळीं हल्ला होणार. गडावर पांच जण आहेत : एक गोलंदाज, अडगांवाहून जीव वांचवून आलेला एक स्वार, किल्लेदाराच्या दफ्तरांतला एक कारकून, एलिचपुराहून धान्य घेऊन आलेला आणि अडकून पडलेला एक व्यापारी, आणि मेळघाटच्या वाटा जाणणारा एक कोरकू वाटाड्या. हे पांच खेळगड्यांनीं वांटून घ्यावे. चालविणाऱ्यानें एका कागदावर तीन जागा लिहाव्या : दिल्ली दरवाजा, तलाव, घळीकडचा तट, आणि तीन माणसें, प्रत्येकापुढें त्याला काय हवें आहे तें एका ओळींत. व्यापाऱ्याला माल सोडून निघावयाचें आहे, तर दरवाजावरील नाईकास कोणासहि बाहेर सोडावयाचें नाहीं. एवढ्यावर तासभर खेळ आपोआप चालतो.

कथा मात्र लिहूं नये. प्रथम व्यापारी तलावाशीं जाईल, मग त्याला फितूर भेटेल, मग... असें लिहून ठेवणारा नवशिका दुसऱ्या वाक्यालाच अडतो, कारण व्यापारी तलावाशीं जातच नाहीं. दुसरी चूक फांशांची. तटावरून खालीं पाहिलें तर काय दिसतें, याला फांसा कशाला ? दिसेल तें सांगावें. अंधारांत शिडी न वाजवितां घळींत उतरतां येईल कीं नाहीं, हा मात्र फांशाचा प्रश्न, कारण तेथें होय आणि नाहीं या दोहोंतूनहि पुढें कांहीं घडतें. नियम आठवला नाहीं तर पुस्तक उलगडीत बसूं नये. न्याय्य वाटेल तें सांगून पुढें जावें, खरा नियम रात्रीं पाहावा, आणि चुकलें असेल तर पुढल्या खेपेस तसें कबूल करावें. आणि सर्वांत मोठ्यानें बोलणाऱ्याचेंच सोंग पुढें जात असतें, म्हणून मुकाट बसलेल्या कारकुनाकडे वळून विचारावें, "दफ्तराचें काय करणार ?"

ही विचारण्याची कला वऱ्हाडास परकी नाहीं. शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज कीर्तनास उभे राहत तें ग्रंथ घेऊन नव्हे. ते श्रोत्यांना प्रश्न टाकीत, श्रोते एका सुरांत उत्तर देत, आणि त्या उत्तरावरच महाराज पुढचें वाक्य बांधीत. १९५६ सालीं ते वारले. त्यांच्या कीर्तनाची नक्कल करणारे पुष्कळ झाले, पण तें साधलें थोड्यांना, कारण पाठ करण्यासारखें त्यांत थोडें होतें. त्याहून जुना दाखला विदर्भाच्याच भवभूतीचा. 'उत्तररामचरिता'चा सूत्रधार प्रस्तावनेंत प्रेक्षकांना सांगतो कीं, कार्यासाठीं आपण आतां अयोध्येचे आणि त्या काळचे झालों आहों. आणि एवढें बोलून तो तसा वागूं लागतो. पोषाख नाहीं, पडदा नाहीं. गेममास्टरास याहून अधिक अभिनय येण्याची जरूरी नाहीं. किल्लेदार बेनीसिंगाचा आवाज काढतां आला नाहीं तर "किल्लेदार चिडून म्हणतो कीं, दरवाजा उघडणार नाहीं," एवढें म्हटलें तरी चालतें.

गाविलगडाच्या खेळांत एक अडचण उरतेच. गड पडला, हें सर्वांना ठाऊक आहे. इतिहासाचा आदर म्हणून गड पाडलाच पाहिजे असें चालविणाऱ्यानें मनांत धरलें, तर पांचही जणांची रात्र फुकट गेली. त्यांनीं कांहींहि केलें तरी शेवट तोच. उलट, वाटेल तें होऊं दिलें तर खरोखर मेलेल्या माणसांची थट्टा होते असा आक्षेप येतो. तो क्षुल्लक नाहीं. तरी त्याचें उत्तर गडावरच मिळतें. १४ तारखेच्या रात्रीं आंतल्या कोणासहि सकाळ ठाऊक नव्हती. तो तट शिड्यांनीं चढतां येईल हें ठाऊक नव्हतें. खेळगड्यांस त्या माणसांच्या जागीं बसवावयाचें तर तेंच अज्ञान त्यांना दिलें पाहिजे, आणि चालविणाऱ्यानेंहि तें थोडें पत्करलें पाहिजे. समजा, कोरकू वाटाड्या म्हणाला, "घळीकडच्या तटावर पहारा किती आहे ? मी तिकडे जाऊन बसतों." कँबेलच्या शिड्या सकाळीं तेथेंच लागावयाच्या आहेत. चालविणाऱ्यानें त्याला वळवूं नये. पहारा किती तें सांगावें, आणि सकाळ होऊं द्यावी.

खेळ आटोपल्यावर खरें काय झालें तें वाचून दाखवावें. गडी त्या वेळीं जितक्या लक्षानें ऐकतात तितक्या लक्षानें एरवीं क्वचितच ऐकतील, कारण ती घळ त्यांनीं नुकतीच राखलेली असते. गाविलगड चिखलदऱ्यापासून जवळ आहे. पुढल्या सुट्टींत तेथें जाऊन बाहेरच्या आणि आंतल्या तटांमधील ती घळ पाहतां येते.